भौतिक सर्व्हरचे आभासी यंत्रात स्थलांतर

भौतिक सर्व्हरचे आभासी यंत्रात स्थलांतर म्हणजे प्रत्यक्ष यंत्रसामग्रीवर चालणारा सर्व्हर त्यावरील कार्यप्रणाली, आज्ञावली व विदा यांसह हायपरव्हायझरच्या नियंत्रणाखालील व्हर्च्युअल मशीनमध्ये हलविण्याची प्रक्रिया होय. तिला संक्षेपाने ‘पी-टू-व्ही’ असे म्हणतात. मूळ सर्व्हरमध्ये मिरर पद्धतीने जोडलेल्या दोन डिस्क असल्यास त्यांपैकी एकीची प्रत पुरेशी असते. मात्र ती डिस्क अद्ययावत असणे अत्यावश्यक असते.

पार्श्वभूमी

मिरर रचनेत प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. या रचनेला रेड-१ म्हणतात. ‘रेड’ ही संज्ञा डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे रूढ झाली. आभासी यंत्रे १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर वापरात आली. सर्वसाधारण संगणकांवर व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ती उपलब्ध करून दिली, तर केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाला.

महाराष्ट्रातील संदर्भ

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. राज्याच्या ग्रामीण भागात अशा सहकारी बँका व पतसंस्था मोठ्या संख्येने आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना कोअर बँकिंग प्रणाली २०१३ अखेरपर्यंत राबविण्यास सांगितले होते. नवी प्रणाली आली तरी जुन्या खात्यांच्या नोंदी वाचता येणे आवश्यक राहते. सहकारी बँकांसाठीच्या १९८५ च्या अभिलेख जतन नियमांनुसार काही नोंदी किमान पाच, तर काही किमान आठ वर्षे जपाव्या लागतात. जुन्या सर्व्हरचे सुटे भाग मिळेनासे झाल्यास तो आभासी यंत्रात हलविणे हा अशा नोंदी वाचनीय ठेवण्याचा एक मार्ग ठरतो.

मिररची तपासणी

मिररमधील एक डिस्क बंद पडली तरी सर्व्हर दुसरीवर चालू राहतो. सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यास ही स्थिती अनेक महिने लक्षात येत नाही. बाद झालेली डिस्क पुढे वाचता आली, तरी तिच्यावरील विदा ती बाद झाली त्या दिवसापर्यंतचीच असते. चुकून तिचीच प्रत घेतल्यास नवे यंत्र सुरळीत सुरू होते, पण मधल्या काळातील व्यवहार त्यात नसतात. त्यामुळे दोन्ही डिस्क समक्रमित असल्याची खात्री प्रथम केली जाते.

हार्डवेअर नियंत्रकावरील मिरर कार्यप्रणालीला एकच डिस्क म्हणून दिसतो. त्यामुळे प्रत चालू सर्व्हरमधूनच घेणे सोयीचे असते. लिनक्सच्या सॉफ्टवेअर मिररमध्ये दोन्ही डिस्क स्वतंत्र दिसतात. त्यांपैकी एकीच्या प्रतीवरून मिरर ‘अपूर्ण’ अवस्थेत सुरू होतो आणि नंतर तो एका डिस्कपुरता मर्यादित करता येतो.

प्रक्रिया

१. स्वतंत्र बॅकअप घेऊन तो पुनर्स्थापित होतो का, हे तपासले जाते.
२. नव्या आभासी यंत्रासाठी लागणारे डिस्क व नेटवर्कचे ड्रायव्हर मूळ कार्यप्रणालीत आधीच बसविले जातात. ते नसल्यास यंत्र सुरू होताना डिस्क सापडत नाही.
३. विदागार व अन्य सेवा थांबवून डिस्कची प्रतिमा तयार केली जाते. ५०० गीगाबाइटच्या प्रतीला एक गीगाबिट नेटवर्कवर साधारण सव्वा तास, तर १०० मेगाबिट नेटवर्कवर सुमारे बारा तास लागतात.
४. मूळ सर्व्हर बायोस किंवा यूईएफआय यांपैकी ज्या पद्धतीने सुरू होत असे, तीच पद्धत आभासी यंत्रासाठी निवडली जाते.
५. नवे यंत्र प्रथम नेटवर्कपासून वेगळे ठेवून सुरू केले जाते. शेवटच्या दिवसाच्या नोंदी व एकूण शिल्लक मूळ सर्व्हरशी ताडून पाहिली जाते.
६. जुना सर्व्हर बंद करूनच नवे यंत्र नेटवर्कला जोडले जाते. दोन्ही एकाच वेळी चालू राहिल्यास पत्त्यांचा संघर्ष होतो आणि नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात.

नवे यंत्र स्थिरावेपर्यंत मूळ डिस्क न बदलता जपून ठेवल्या जातात. नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी किंवा यूएसबी डाँगलशी बांधलेले परवाने नव्या यंत्रात पुन्हा कार्यान्वित करावे लागू शकतात.

मर्यादा

स्थलांतरानंतर मिररचे काम यजमान सर्व्हरकडे जाते. दोन्ही आभासी डिस्क एकाच भौतिक डिस्कवर ठेवून आभासी यंत्रात मिरर केल्यास संरक्षण मिळत नाही; केवळ लेखनाचा भार दुप्पट होतो. एकाच यजमानावर अनेक यंत्रे असल्यास त्याच्या बिघाडाने ती सर्व थांबतात. मिरर डिस्कच्या बिघाडापासून वाचवितो. चुकून पुसलेली नोंद मात्र तो दोन्ही डिस्कवरून तत्क्षणी पुसतो. त्यामुळे मिरर हा बॅकअपला पर्याय ठरत नाही.