डोळ्यांमागचे दुखणे आणि सीटी स्कॅन

थायरॉईडची गोळी आता आपल्यापैकी कितीतरी घरांत सकाळच्या चहाआधी घेतली जाते. पण थायरॉईडचा एक विकार डोळ्यांवर जातो आणि क्वचित दृष्टीही हिरावून घेतो, हे फारसे बोलले जात नाही. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली या विकाराचे वर्णन केले आणि बटबटीत डोळे ही त्याची ओळख ठरली. अमेरिकेत हे नाव घरोघरी पोचले ते १९८९ मध्ये, बार्बरा बुश यांच्यामुळे. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनाही तोच आजार निघाला!

डॉक्टरांना कोडे वेगळेच होते. डोळे फारसे पुढे न आलेल्या काही रुग्णांचीही नजर जाई. असे का, हे कळायला डोळ्यामागे पाहणे भाग होते, आणि साध्या एक्स-रेत हाडांपलीकडे फारसे काही दिसत नाही.

ती सोय केली ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी. (आपल्या घरच्या एचएमव्हीच्या तबकड्याही याच ईएमआयच्या गोतावळ्यातल्या!) १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि १९७३ मध्ये ते यंत्र मिनेसोटाच्या मेयो क्लिनिकमध्ये आले. १९७९ चे नोबेल हाऊन्सफिल्ड यांच्याबरोबर बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातील ॲलन कॉरमॅक यांना मिळाले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन ट्रोकेल यांनी या चित्रांचा डोळ्यांसाठी कसून अभ्यास केला. हेच ट्रोकेल पुढे १९८३ मध्ये, आयबीएममधील मूळ मद्रासच्या रंगस्वामी श्रीनिवासन यांच्यासह, ज्या लेसर संशोधनातून आजचे लेसिक निघाले त्यात होते. १९८१ मध्ये ट्रोकेल आणि जेकोबिएक यांनी सीटीतील चित्रे व प्रत्यक्ष ऊतींमधील बदल यांची सांगड घालून दाखवली.

डोळ्याची हाडांची खोबण नरसाळ्यासारखी मागे निमुळती होते. डोळा फिरवणारे स्नायू सुजले की त्या अरुंद टोकाशी गर्दी होते आणि मधून जाणारी ऑप्टिक नर्व्ह चेपते. डोळा पुढे सरकला तर ताण थोडा सुटतो. तो जागचा हलला नाही, तर किंमत त्या नसेला मोजावी लागते. म्हणजे दिसायला बऱ्या डोळ्यालाच धोका जास्त असू शकतो. चेहऱ्याला समांतर घेतलेल्या कापांत नसेभोवतीचा चरबीचा काळा पट्टा नाहीसा झालेला दिसला, की तज्ज्ञ सावध होतात. १९८८ मध्ये बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 'रेडिऑलॉजी' नियतकालिकात, खोबणीचा किती हिस्सा स्नायूंनी व्यापला आहे हे मोजण्याची रीत मांडली. ती आजही 'बॅरेट इंडेक्स' म्हणून ओळखली जाते.

मात्र सीटी गर्दी दाखवतो, नजर नाही. निदान होते ते रंगज्ञान, बाहुलीची प्रतिक्रिया आणि दृष्टिक्षेत्र तपासून. शिवाय आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट थायरॉईडला बाधू शकतो, आणि या कामासाठी सहसा त्याची गरजही पडत नाही. नस चेपली असेल तर आधी भरपूर स्टेरॉईड देतात. तेवढ्याने भागले नाही तर खोबणीचे हाड काढून जागा करतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॅफ्झिगर यांनी १९३१ मध्ये कवटी उघडून हे केले होते. आज शल्यविशारद सीटी समोर ठेवून कोणती भिंत काढायची ते आधीच ठरवतात. २०२० मध्ये या नेत्रविकारासाठी टेप्रोटुमुमॅब हे पहिले औषध मंजूर झाले. सिगारेटने मात्र हा विकार हमखास बळावतो.

घरात कोणाला ग्रेव्ह्ज असेल तर अधूनमधून एकेक डोळा झाकून लाल कुंकवाकडे पाहायला सांगा. एका डोळ्याला ते फिके, विटकरी दिसले किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करावा.