वसा आणि अमिर्झा

स्मरणिकेसाठी ‘काही ऐतिहासिक लिहा’ असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा राण्या-महाराण्याच डोळ्यांपुढे आल्या. पण मनात घोळत होत्या त्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांच्या बायका. त्याला कारणही घडले.

मागे आपल्या वस्तीत तपासणीचे एक पथक आले होते. रक्त घेतले, नाना प्रश्न विचारले, कागदांवर सह्या घेतल्या. निष्कर्ष काय निघाला, ते आजतागायत कोणी सांगितले नाही. शेजारच्या काकू अजून विचारतात, “आमच्या रक्ताचं पुढं काय झालं हो?”

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. आरंभी त्यांनी सिकलसेल या रक्तविकाराची पाहणी केली. शास्त्राच्या दृष्टीने काम मोलाचे. पण गावकऱ्यांच्या लेखी ती निकड नव्हती. लोकांना आधी विचारायला हवे होते, हे त्यांनी पुढे मोकळेपणी कबूल केले. (मोठ्या डॉक्टरांकडून अशी कबुली क्वचितच ऐकू येते!)

पुढे वसा आणि अमिर्झा या गावांत राणीताईंनी बायकांची दुखणी ऐकली. त्या काळी स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण नि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब असे. अंगावरून पांढरे जाते, हे बाई घरातही बोलत नसे. तपासलेल्या ६५० जणींपैकी शेकडा ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग आढळला. त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या शेकडा अवघ्या ८! जानेवारी १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. त्या बायका बोलल्या नसत्या, तर शास्त्राला हे कळले कसे असते?

निष्कर्ष तेथेच थांबले नाहीत; ते गावोगावी जत्रा भरवून बायकांपुढे मांडले गेले. बायका बोलत्या झाल्या, आणि दारूचे दुखणेही पुढे आले. लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

नंतर ३९ गावांत तिथल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. घरोघरी जाऊन त्या तान्ह्या बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, वेळ पडल्यास इंजेक्शनही देत. नवजात बालकांचे मृत्यू तेथे शेकडा ६२ नी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. शोधात केवळ उत्तरे देणाऱ्या बायका आता शोधाचे हातच झाल्या होत्या.

यंदा आपल्याकडे पुन्हा पथक येणार आहे म्हणतात. काकूंनी आत्ताच बजावले आहे, “निकाल सांगणार असाल, तरच हात पुढे करीन.”