आधी उपचार, मग प्रश्न

परगावच्या कितीतरी मुली कॉलेजासाठी आपल्या पुण्यात खोल्या घेऊन राहतात. त्यांतल्या एखादीवर अत्याचार झाला, तर पहिला आधार इस्पितळात मिळायला हवा. पूर्वी तसे नव्हते.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. डॉक्टरी तपासणीतला शेरा तिच्याच विरुद्ध वापरला गेला आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने आरोपी पोलिसांना सोडले. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत पुणे विद्यापीठाच्या वसुधा धागमवार होत्या. बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

२०१३ पासून सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक इस्पितळाला अशा पीडितेवर ताबडतोब व विनामूल्य उपचार करावेच लागतात. चारित्र्य शोधणारी ‘दोन बोटांची’ तपासणी २०१४ च्या केंद्रीय नियमांनी त्याज्य ठरविली. फिर्याद दिली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

म्हणून अशी पोर दाराशी आली, तर “तू तिथे गेलीसच कशाला?” असे विचारण्यात वेळ दवडू नये. पायांत चपला घालाव्या आणि तिच्याबरोबर इस्पितळात जावे.