तोंडी, लेखी, आकारिक : बुलढाणा जिल्ह्यातील शालेय मूल्यमापन

1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तेव्हा बुलढाणा-मेहकरच्या मुलखात मुलांचा अभ्यास तपासण्याचे साधन तोंडी होते. पंतोजी पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणवून घेत आणि धूळपाटीवर मोडी अक्षर वळवून घेत. खामगावसारख्या कापसाच्या पेठेत मणा-शेरांचा भाव क्षणात काढता येणे ही रोजची गरज होती. तिथे हिशेब तोंडी विचारणे हीच योग्य कसोटी ठरे. या पद्धतीत अर्थाला जागा फारशी नव्हती, पण शिकवण्याचा हेतू आणि तपासण्याची रीत यांचा मेळ होता.

सरकारी शाळांबरोबर तपासनीस आला आणि हेतू बदलला. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळेचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधले गेले, आणि हिंदुस्थानातील अनेक प्रांतांनी तोच मार्ग धरला. मुलाला काय येते हे पाहण्याची परीक्षा आता शाळेला पैसे किती द्यायचे हे ठरवू लागली. मुलाच्या अडचणीपेक्षा तपासनिसाचे प्रश्न महत्त्वाचे झाले, कारण गुरुजींचे पोट त्यावर होते. 1904 च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात ही रीत सदोष ठरवण्यात आली, परंतु घोकंपट्टी टिकली. पुढे सातवीची ‘फायनल’ आणि मॅट्रिक या निवडीच्या परीक्षा झाल्या. नोकरीसाठी उमेदवार निवडायला त्या उपयोगी होत्या. मागे पडलेले मूल नेमके कुठे अडले, हे त्यांच्या गुणपत्रिकेतून कळणे शक्य नव्हते.

1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या बुनियादी शिक्षणाने दुसरी दिशा दाखवली. हस्तोद्योगातून शिकणाऱ्या मुलाची प्रगती त्याने कातलेल्या सुतातही दिसू शकते. 1952-53 च्या मुदलियार आयोगानेही बाह्य परीक्षेबरोबर शाळेतील नोंदींना महत्त्व द्यावे असे सुचवले.

खरा बदल शिक्षण हक्क कायद्याने झाला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला आणि त्याच वर्षीच्या 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापन शिकता शिकता करायचे, संकलित मूल्यमापन सत्राअखेरीस. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के, तर सातवी-आठवीला 40 टक्के. साधनेही हेतूनुसार वेगळी : वाचन-उच्चारासाठी तोंडीकाम, विज्ञानासाठी प्रयोग, सवयींसाठी दैनंदिन निरीक्षण, स्वतंत्र शोधासाठी प्रकल्प. लोणारच्या सरोवराचे पाणी खारे का, हे पाठ करून लिहिणे आणि नमुना आणून तपासणे यांतून वेगवेगळी क्षमता दिसते. नमुना तपासण्याच्या क्षमतेसाठी लेखी चाचणी अपुरी पडते. ही विभागणी शैक्षणिकदृष्ट्या भक्कम होती. मात्र दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत अनेक वर्ग एकत्र सांभाळताना प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवणे जड जाते, आणि नोंद भरणे हेच काम होऊन बसण्याचा धोका राहतो.

2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात पायाभूत चाचणी आली. तिचा हेतू निदानाचा होता : भाषा आणि गणितात मूल कुठे आहे ते पाहून पुढचे अध्यापन ठरवायचे. शिक्षण हक्क कायद्यातील, आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे न ठेवण्याच्या तरतुदीत केंद्राने 2019 मध्ये दुरुस्ती केल्यावर महाराष्ट्राने डिसेंबर 2023 मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी आहे. त्यानंतरही उत्तीर्ण न झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवले जाते.