राहुरी कृषी विद्यापीठातील संशोधन विभाग: कोणती समस्या कोणाकडे न्यावी?

डाळिंबाच्या बागेत एखादी फांदी पिवळी पडते, पंधरा-वीस दिवसांत अख्खे झाड वाळते आणि मग शेजारचे झाड धरते. दुकानात विचारले की तिघे तीन औषधे सांगतात. खर्च होतो, पण झाड काही वाचत नाही. अशा वेळी नेमके कारण शोधणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. मात्र विद्यापीठात "शास्त्रज्ञ" म्हणून एकच माणूस सगळे पाहत नाही. प्रत्येक विभागाचा आणि प्रत्येक प्राध्यापकाचा अभ्यासविषय वेगळा असतो. तो माहीत असला की फेरा वाचतो आणि हंगामही वाचतो.

विद्यापीठाची थोडक्यात ओळख

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. मुख्य परिसर नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीजवळ आहे. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. येथील प्राध्यापक शिकवण्याबरोबर संशोधनही करतात. त्यांचे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी त्याच विषयांवर प्रयोग करतात. शेतातून वारंवार येणारी अडचण त्यामुळे पुढे प्रयोगाचा विषय होऊ शकते.

एक लक्षण, अनेक कारणे

डाळिंबाचे झाड वाळणे म्हणजे "मर" एवढे म्हणून भागत नाही. कारणानुसार विभाग बदलतो.

- बुरशी: खोड आडवे कापल्यावर आतल्या लाकडात करडे-तपकिरी किंवा काळपट पट्टे दिसत असतील, तर सेरॅटोसिस्टिस बुरशीचा संशय घ्यावा. हा विषय वनस्पती रोगशास्त्र विभागाचा आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोगही याच विभागाकडे येतो.
- सूत्रकृमी: झाड हळूहळू खंगते, पाने पिवळी पडतात आणि पांढऱ्या मुळ्यांवर गाठी दिसतात. सूत्रकृमींचे काम राहुरीत कीटकशास्त्र विभागाअंतर्गत चालते.
- खोडाला छिद्रे पाडणारे भुंगेरे: जमिनीलगत खोडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि त्यातून पडणारा भुसा ही खूण आहे. यासाठीही कीटकशास्त्र विभागच गाठावा.
- पाणी साचणे: भारी जमीन, निचरा नाही आणि ठिबक जास्त वेळ चालू राहते, अशा बागेत मुळे कुजतात. येथे मृदशास्त्र व उद्यानविद्या या दोन्ही विभागांचा सल्ला लागतो.

ही कारणे एकत्रही येतात. सूत्रकृमी आणि भुंगेरे यांनी केलेल्या जखमांतून बुरशीला आत शिरायला वाट मिळते. म्हणून फक्त बुरशीनाशक ओतून प्रश्न सुटत नाही. आधी निदान करावे, मग उपाय.

इतर विभाग कोणत्या कामाचे?

- मृदशास्त्र व कृषी रसायनशास्त्र: प्रवरा आणि मुळा कालव्यांच्या लाभक्षेत्रात पांढऱ्या पडलेल्या जमिनी आपण पाहतो. क्षारयुक्त जमिनीला चांगला निचरा करून क्षार धुऊन काढावे लागतात. चोपण जमिनीला निचऱ्याबरोबर जिप्सम लागते. दोन्ही वरवर सारख्याच वाटतात, म्हणून तपासणीशिवाय जिप्समवर पैसे घालू नयेत.
- पीक सुधार प्रकल्प: ज्वारी, कडधान्ये, कापूस, चारा पिके यांवर पैदासकार काम करतात. रब्बी ज्वारीत हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी जमिनीच्या खोलीनुसार वाणांची निवड आहे. हरभऱ्यात फुले विक्रम हा उंच वाढणारा वाण यंत्राने काढणीसाठी सोयीचा आहे.
- उद्यानविद्या: डाळिंबाचे मृदुला, फुले आरक्ता आणि भगवा हे वाण याच विद्यापीठाचे. अंजीर आणि सीताफळावरही येथे काम चालते.
- पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र: होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून तयार झालेली फुले त्रिवेणी गाय हे येथील काम. आजारी जनावर मात्र आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच दाखवावे.
- ऊस: हे संशोधन राहुरीत नव्हे, तर मुख्यतः पाडेगाव (ता. फलटण, जि. सातारा) येथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात चालते. हे केंद्र १९३२ पासून आहे. को ८६०३२ आणि फुले २६५ हे परिचित वाण तेथूनच प्रसारित झाले.

नमुना कसा न्यावा?

चुकीचा नमुना नेला तर चांगली प्रयोगशाळाही योग्य उत्तर देऊ शकत नाही.

१. रोगासाठी: पूर्ण वाळलेले झाड नको. नुकतीच लागण झालेल्या झाडाचा, निरोगी आणि रोगट भाग जोडून असलेला तुकडा घ्यावा. तो कागदी पिशवीत ठेवावा; प्लॅस्टिकमध्ये घाम धरून नमुना कुजतो.
२. सूत्रकृमीसाठी: पांढऱ्या मुळ्यांजवळची सुमारे पाव किलो ओलसर माती आणि थोड्या मुळ्या घ्याव्यात. येथे मात्र प्लॅस्टिक पिशवी चालते, कारण माती सुकू द्यायची नसते. पिशवी सावलीत ठेवावी.
३. माती परीक्षणासाठी: फळबागेत ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी अशा थरांचे वेगवेगळे नमुने घ्यावेत. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची किंवा नुकतेच खत दिलेली जागा टाळावी.
४. सोबत चिठ्ठी: गाव, पीक, वाण, लागवडीचे वर्ष, पाण्याची पद्धत, लक्षण कधी दिसले आणि आतापर्यंत काय फवारले किंवा ओतले, हे लिहावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

एखाद्या प्राध्यापकाचा प्रयोग सुरू असणे आणि विद्यापीठाची शिफारस असणे यात फरक आहे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती, म्हणजेच जॉइंट ॲग्रेस्को, मान्यता देते. त्यानंतरच वाण किंवा तंत्र शिफारस म्हणून शेतकऱ्यांपर्यंत न्यावे. प्रयोगाच्या प्लॉटवर पाहिलेले द्रावण लगेच गावभर सांगू नये.

राहुरी लांब पडत असेल, तर उत्तर भागातील शेतकऱ्यांनी बाभळेश्वर आणि शेवगाव-पाथर्डीकडील शेतकऱ्यांनी दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारावे. तेथील विषय विशेषज्ञ लक्षणे पाहून पुढे कोणत्या विभागाकडे जायचे ते सांगतील.

बागेत पहिले झाड पिवळे पडले की त्याच आठवड्यात नमुना काढावा. दहा झाडे वाळल्यावर निदान झाले, तरी ती दहा झाडे परत येत नाहीत.