हरवलेल्या नटाची बखर

वर्धा जिल्ह्यातली सर्वांत नामांकित मोटार कोणती, असे मला कोणी विचारले तर मी जमनालाल बजाजांच्या फोर्डचे नाव घेईन. या फोर्डला बैल जुंपलेले असत. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात. म्हणून तिचे नाव पडले 'ऑक्सफर्ड'. विद्यापीठाची पदवी न घेता ऑक्सफर्डला जाऊन येण्याची सोय त्या काळी एकट्या वर्धेत होती! पेट्रोलची चिंता नाही, थंडीच्या सकाळी हँडल मारमारून खांदा दुखवून घेणे नाही. पोळ्याच्या दिवशी तर इंजिनालाच झूल घालून मिरवावे. आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे, तिच्या या इंजिनात नट पडण्याची भीती नव्हती.

नट म्हणजे नाटकातला नव्हे. तो पडला तर उठून, धोतर झटकून पुढचे वाक्य म्हणतो. मी म्हणतो तो बोल्टावर चढतो तो. तो मिस्त्रीच्या बोटांतून सुटला, की 'टिंग' असा एक आवाज होतो, मग थोडे खाली दुसरा, मग तिसरा. आणि मग शांतता. जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांना या शांततेची जितकी धास्ती, तितकी मला परीक्षकांचीही कधी वाटली नाही.

ही धास्ती फोर्डच्या टी मॉडेलइतकी कोणत्याच गाडीने शिकवली नसेल. 1908 साली ही गाडी अमेरिकेत निघाली आणि 1927 साली बंद झाली. मधल्या काळात दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. हिंदुस्थानात येणारी फोर्ड बहुधा कॅनडातल्या कारखान्यातून येई, कारण ब्रिटिश साम्राज्यातला व्यापार त्या शाखेकडे होता. गाडी साधी, दणकट, खेड्यातल्या लोहारालाही समजावी अशी. पण तिच्या पोटात एक विचित्र व्यवस्था होती. चालकाच्या पायाशी तीन पेडल. एक गती बदलण्याचे, एक मागे जाण्याचे, एक ब्रेकचे. प्रत्येक पेडल आत फिरणाऱ्या पिंपावर एकेक पट्टा आवळी. या पट्ट्यांना आतून अस्तर असे ते सुती! होय, कापसाचे. कापसासाठी आमच्या हिंगणघाटचे नाव एकोणिसाव्या शतकात पार लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जाई. फोर्डच्या अस्तरात आमचा कापूस होता असा दावा मी करणार नाही. लेखकाला मोह आवरता आला पाहिजे. पण गाव कापसाचे, गाडीतही कापूस, हा योग मला गमतीचा वाटतो.

सुती अस्तर झिजे. पेडल सैल पडू लागले की पायाखालची फळी काढायची, तिच्याखालचे लहानसे झाकण उघडायचे आणि आतले नट आवळायचे. अस्तरच बदलायचे तर पट्ट्यांची टोके हाताने दाबून धरायची आणि नट, वॉशर, स्प्रिंगा काढून घ्यायच्या. हात कोपरापर्यंत तेलात, डोळ्यांना दिसत काही नाही, स्प्रिंगांचा जोर उलटा. आणि बरोबर खाली उघडी विहीर! या गाडीत इंजिन आणि गिअर यांचे तेल एकच. वरून पडलेली वस्तू थेट त्या तेलात जाई.

तेवढ्यावर भागते तर ठीक होते. पण फोर्डने आपली वीज तयार करण्यासाठी मागच्या जड चाकावरच सोळा मोठे चुंबक बसवले होते. चाक फिरले की हे चुंबक समोरच्या तारेच्या वेटोळ्यांजवळून जात आणि प्लगसाठी लागणारी वीज निर्माण होई. चुंबक आणि वेटोळी यांच्यामधली फट जेमतेम मिलिमीटरभर. आता वाचकांनीच कल्पना करावी. लोखंडी नट तेलात पडला, चुंबकाने त्याला प्रेमाने जवळ ओढले, आणि बाहेर कोणाला पत्ता नाही. मग मालक म्हणतो, "झालं ना? मारा हँडल." चाक फिरते, नट त्याच्याबरोबर फिरतो आणि वेटोळ्यांची साले सोलून काढतो. ती वेटोळी इंजिन आणि चाक यांच्या मधोमध बसवलेली असत. ती बदलायची म्हणजे अख्खे इंजिन गाडीतून बाहेर. तासाभराच्या कामाचा आठवडा होई, आणि सुटा भाग यायचा तो समुद्र ओलांडून.

शिवाय त्या अस्तराचे तंतू सुटून तेलात तरंगत. टी मॉडेलला तेलाचा पंप नव्हता. चाकाने उडवलेले तेल एका नसराळ्यात पडे आणि नळीतून पुढे जाई. तंतूंनी नळी तुंबली की पुढची बेअरिंगे कोरडी पडून जळत. म्हणजे पडलेली वस्तू दर वेळी लोखंडाचीच असते असे नाही.

पुढच्या पिढीच्या गाड्यांनी नवी जागा शोधली. युद्धानंतर लष्कराच्या विलिस जीपगाड्या लिलावात निघाल्या आणि कच्च्या रस्त्यांच्या मुलखात त्यांचे राज्य झाले. या जीपचे वॉल्व्ह इंजिनाच्या कुशीत बसवलेले. प्रत्येक वॉल्व्हच्या दांडीवर अर्धचंद्राच्या आकाराचे दोन बारीक तुकडे असतात; मिस्त्री त्यांना लॉक म्हणतात. स्प्रिंग दाबायची, तुकडे काढायचे, परत बसवायचे. त्या कप्प्याच्या तळाला तेल खाली उतरण्यासाठी भोके असतात. तुकडा निसटला की थेट चेंबरात. म्हणून शहाणा कारागीर आधी त्या भोकांत चिंध्या कोंबतो आणि मगच पाना उचलतो. चिंध्याही मोजून, कारण विसरलेली चिंधी हादेखील आत राहिलेला भागच.

1957 च्या सुमारास अँबॅसिडर आली आणि थोड्याच वर्षांत तिच्या इंजिनाचे वॉल्व्ह वरच्या बाजूला गेले. आता हेड न उतरवता वॉल्व्हची स्प्रिंग बदलता येऊ लागली. पण आधार सुटला की वॉल्व्हच घसरून सिलिंडरात पडायचा. त्यावर मिस्त्री मंडळींनी काढलेला उपाय मला फार आवडतो. प्लगच्या भोकातून हातभर सुती दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचे आणि हँडलने पिस्टन हळूच वर आणायचा. दोरीची गुंडाळी वॉल्व्हला खालून टेकू देते. पुन्हा कापूसच मदतीला!

कार्बोरेटर काढताना नट खालच्या तोंडातून आत गेला, तर मात्र दोरी कामाची नाही. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन एका सेकंदात पन्नास वेळा वर येतो. वर्ध्याच्या एका गॅरेजात मी असा पिस्टन हातात घेऊन पाहिला आहे. त्याच्या माथ्यावर षट्कोनी खुणा उमटल्या होत्या, एकावर एक, तिरप्या, उलट्या. पोस्टाच्या कारकुनाने रागाच्या भरात शिक्के मारावेत तशा.

त्याच गॅरेजातले वृद्ध मिस्त्री तेव्हा आपल्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल सांगू लागले. साल साठानंतरचे. आर्वीकडच्या एका खेड्यातली जीप कामाला आली होती. त्या भागात तेवढे एकच मोटार-वाहन. संध्याकाळी मालक घाईघाईने आला; गावात एक बाई अडली होती, तिला दवाखान्यात न्यायचे होते. काम संपल्यासारखेच होते. तेवढ्यात या पोराने परातीतले तुकडे मोजले आणि एक अर्धा लॉक कमी निघाला. कोणी पाहिले नव्हते. तो न बोलता तर जीप सुरू झाली असती. कदाचित दवाखान्यापर्यंत नीट गेलीही असती.

"मग?" मी विचारले.

"मंग काय जी, सांगतलं उस्तादाले. हात कापून राह्यले होते माह्ये."

उस्तादाने पाना खाली ठेवला आणि मालकाला म्हटले, "गाडी आज मिळणार नाही." मालक ओरडला, हातापाया पडला, पुन्हा ओरडला. माणसाच्या जिवापुढे लोखंडाचा तुकडा मोठा का, असे त्याने विचारले. त्या प्रश्नाला उस्तादाने उत्तर दिले नाही. नसत्या गाडीचा भरवसा देऊन बाईला मधल्या रानात अडकवण्यापेक्षा नाही म्हटलेले बरे, असा त्याचा हिशेब असावा. मला तो पटतो, पण त्या मालकाच्या जागी मी असतो तर पटला असता की नाही, कोण जाणे. बाईला बैलगाडीने नेले. ती आणि मूल दोन्ही सुखरूप राहिली. रात्री कंदिलाच्या उजेडात चेंबर उतरवले; तळच्या काळ्या चिखलात तुकडा सापडला. सकाळी जीप तयार होती. मालकाने पैसे मोजून दिले आणि पुन्हा त्या गॅरेजात पाऊल टाकले नाही. पोराला उस्तादाने ना शाबासकी दिली ना शिवी. दुसऱ्या दिवशी परात मात्र त्याच्या ताब्यात दिली.

त्या काळी सुट्या भागाची किंमत वेगळीच होती, हे आज सांगावे लागते. मुंबईत परदेशी गाड्यांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी 1954 पर्यंत आपले काम गुंडाळले, आणि जुन्या गाड्यांचे मालक उघडे पडले. हरवलेला तुकडा विकत घेणे सोपे नव्हते. तो शोधणेच सोपे. मग काडीला ग्रीस लाव, तारेला मेण चिकटव, दोरीला चुंबक बांधून विहिरीत बादली सोडावी तसा सोड. नट पितळी असेल तर चुंबक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आता लांब होणारी चुंबकी काठी मिळते, मोबाइलवर चित्र दाखवणारा बारीक कॅमेराही मिळतो. मिस्त्रींच्या नातवाकडे दोन्ही आहेत. परात मात्र जुनीच आहे.

खंडेनवमीला मिस्त्री पाने-पकडींची पूजा मांडतात. शेजारी एक पत्र्याचा डबा असतो. त्यात वेगवेगळ्या इंजिनांच्या पोटांतून निघालेला ऐवज. नट, वॉशर, अर्धे लॉक, एक पेचकसाचे टोक. "हे सारे तुमचे?" असे मी विचारले, तर ते हसले. एकदा म्हणे एका जुन्या अँबॅसिडरमध्ये यांचा एक नट पडला. चेंबर उतरवले, चिखल चाळला, तर तीन नट निघाले. आणि तिन्ही दुसऱ्याच कोणाचे. वर्षानुवर्षे आतच राहत होते बिचारे. यांचा नट गाडीखालच्या गोणपाटाच्या घडीत सापडला.