दाखल क्रमांक नसलेले ग्रंथालय

एखाद्या ग्रंथालयाचा इतिहास लिहायचा तर सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे तिथली दाखल नोंदवही. स्मरणिका, अध्यक्षीय भाषणे आणि वार्षिक अहवाल यांतून संस्था स्वतःविषयी काय सांगते ते कळते. तिने प्रत्यक्षात काय घेतले, केव्हा आणि कितीला घेतले, हे मात्र नोंदवहीतच सापडते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत आणि अगदी शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. त्यात ‘गहाळ’ किंवा ‘निर्लेखित’ एवढा एकच शब्द असतो, पण एका पुस्तकाचे सगळे आयुष्य त्यात आलेले असते.

कोकणातल्या वाचनाच्या इतिहासाची साधने मी काही वर्षांपासून गोळा करतो आहे. रत्नागिरीत राहणाऱ्याने हा विषय धरावा यात नवल नाही. इथले जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, महाराष्ट्रातले सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे. म्हणजे पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले त्याच्याही चार वर्षे आधीचे. एकोणिसाव्या शतकातून पुढे येताना कागद बऱ्यापैकी साथ देतात. वाळवी आणि पावसाळा यांनी जे खाल्ले ते गेले, पण उरले त्यावर काम होते. अडचण येते ती १९९० नंतरच्या काळाशी, आणि तीही सार्वजनिक वाचनालयांपेक्षा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत. तिथे खर्चाचा मोठा वाटा अशा वस्तूंवर जाऊ लागला की ज्यांना दाखल क्रमांकच नसतो. त्या कपाटात येत नाहीत, म्हणून गहाळही होत नाहीत. एके दिवशी नुसत्या दिसेनाशा होतात. या वस्तूंचा कारभार कसा उभा राहिला आणि त्यात आमच्यासारख्या बाहेरच्या वाचकाची जागा कुठे राहिली, हे पाहण्यासाठी हा लेख.

मुंबई विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. विद्यापीठ १८५७ चे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, त्यातून राजाबाई टॉवर आणि त्याला लागून असलेली ग्रंथालयाची इमारत उभी राहिली. त्या काळी ग्रंथालयाला देणगी म्हणजे दगड, लाकूड आणि पुस्तके. शंभर वर्षे हाच हिशेब चालला. मग विज्ञानाच्या नियतकालिकांनी तो बिघडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची संख्या वाढली, अनेक शास्त्रीय मंडळांची नियतकालिके व्यापारी प्रकाशकांकडे गेली आणि वर्गण्या दरवर्षी चढू लागल्या. आपल्याकडे हे पैसे डॉलर आणि पौंडांत मोजायचे. ग्रंथविक्रेते आणि ग्रंथालये यांच्यासाठी ‘गुड ऑफिसेस कमिटी’ विनिमयाचे दर ठरवून देत असे, त्या दरांचे तक्ते जुन्या ग्रंथपालांना अजून आठवतात. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोन हप्त्यांनी रुपयाचे अवमूल्यन झाले. अनुदान तेवढेच आणि वर्गणी मात्र एकाएकी वाढलेली. नियतकालिकांची यादी घेऊन कुठल्या नावावर काट मारायची हे ठरवण्याचे काम ग्रंथालय समित्यांना आले. त्या काळातल्या बांधीव खंडांच्या रांगा पाहिल्या तर सलग चाळीस वर्षे, आणि मग एकदम भिंत. तो पोकळ भाग हेदेखील इतिहासाचे साधन आहे.

याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम गुजरातेत सुरू केला. पुढे त्याचे स्वतंत्र केंद्र झाले. मूळ कल्पना साधी होती: कुठल्या ग्रंथालयात काय आहे याची एकत्र सूची करायची आणि एकमेकांना द्यायचे. तिकडे इंग्लंडात १९९६ च्या सुमारास प्रकाशकांनी एक नवी चाल केली. एकेक नियतकालिक विकण्याऐवजी सगळा गठ्ठा एकदम द्यायचा, संगणकावर, आणि किंमत ठरवायची ती ग्रंथालय आजवर देत आले त्या रकमेवरून. याला ‘बिग डील’ म्हणतात. वाण्याने साखर हवी असेल तर पोतेभर कुळीथही घ्या म्हणावे, तसलाच हा सौदा. पण गरीब ग्रंथालयांना तो मोहक वाटला, कारण काट मारलेली नावेही त्या गठ्ठ्यात परत येत होती.

एकट्या ग्रंथालयाला अशा विक्रेत्यासमोर उभे राहता येत नाही, म्हणून संघ निघाले. भारतात खगोलशास्त्राच्या ग्रंथपालांनी १९८१ मध्येच ‘फोर्सा’ नावाचा गट केला होता. तंत्रशिक्षण संस्थांसाठी २००३ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत ‘इंडेस्ट’ आला, विद्यापीठांसाठी २००४ पासून यूजीसी-इन्फोनेटचा संघ, महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’. हे तिन्ही प्रवाह २०१५ च्या अखेरीस ‘ई-शोधसिंधू’त मिळाले.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा संघ वेगळाच आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चे. जिल्ह्यात मुख्यालय असलेले विद्यापीठ हेच. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने २००७ च्या नोव्हेंबरात ‘सेरा’ नावाचा कृषी ग्रंथालयांचा संघ स्थापन झाला. हापूसमधला साका हे उदाहरण घ्या. फळ बाहेरून सुरेख, कापले की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. हा दोष टाळण्याच्या प्रयत्नांतून वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढली. १९८१ मध्ये ती प्रसारित झाली. त्यावेळी साक्यावर परदेशी काय लिहिले गेले हे पाहायचे तर टपालाने छायाप्रत मागवायची आणि वाट पाहायची. सेरानंतर तोच शोध टेबलावर बसून होऊ लागला. एखाद्या ग्रंथालयाकडे जे नाही ते दुसऱ्या सदस्य ग्रंथालयाकडून मागवण्याचीही सोय त्यात झाली. ‘कृषिकोश’ या भांडारात कृषी विद्यापीठांतले प्रबंध ठेवले जाऊ लागले. आंबा बागायतदाराच्या मुलाला बापाच्या कलमांवरचा प्रबंध घरबसल्या वाचता येतो, ही गोष्ट लहान नाही. संगणकामुळे ग्रंथालये ओस पडली अशी हळहळ दिवाळी अंकांत दरवर्षी वाचायला मिळते. दापोलीचे हे उदाहरण त्या हळहळीत बसत नाही.

आता कारभाराविषयी. छापील पुस्तक ग्रंथालयात आले की त्याच्यावर शिक्का, क्रमांक, वर्गांक, की झाले. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाचे काम कधीच संपत नाही. ते अमुक महिन्यात या प्रकाशकाकडून त्या प्रकाशकाकडे जाते, गठ्ठ्यातून वगळले जाते, त्याचा पत्ता बदलतो. एकच लेख तीन ठिकाणी असतो आणि त्यांतले एकच ठिकाण आपल्या वर्गणीतले असते. वाचकाला नेमक्या त्या दाराशी नेऊन सोडणारी जोडणी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात नव्वदीच्या अखेरीस तयार झाली. या सगळ्याची नोंद कशी ठेवायची, कोणते रकाने पाडायचे, यावर अमेरिकेतल्या डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००४ मध्ये मोठा अहवाल काढला. मला तो वाचताना आपल्या दाखल नोंदवहीची आठवण होत राहिली, कारण ग्रंथपालाचा आटापिटा तोच होता. फक्त रकाने बदललेले: कराराची मुदत, नूतनीकरणाची तारीख, एका वेळी किती वाचक, छापून घेण्याची परवानगी, करार संपल्यावर जुने अंक मिळणार की नाही.

वापर मोजण्याचेही तसेच. पूर्वी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली की ते किती फिरले ते कळे. आता प्रकाशकच सांगतो की तुमच्याकडे इतक्यांनी इतके लेख उघडले. सगळ्यांनी एकाच रीतीने मोजावे म्हणून ‘काउंटर’ नावाची संहिता २००३ मध्ये आली. विकणाऱ्यानेच माप धरायचे, म्हणून निदान माप तरी प्रमाणित असावे, एवढाच तिचा अर्थ. या आकड्यांवरून ‘एका वाचनाला किती रुपये पडले’ हे काढतात आणि नूतनीकरण ठरवतात. वर्षातून दोनदाच उघडला जाणारा, पण ज्याच्यावाचून एखाद्याचे काम अडेल असा लेख या हिशेबात नेहमी हरतो.

रकान्यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड: करार संपल्यावर काय उरते? छापील नियतकालिकाची वर्गणी बंद केली तरी जुने खंड कपाटात राहतात. इथे कपाटच भाड्याचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये ‘लॉक्स’ ही योजना निघाली. भरपूर प्रती ठेवा, म्हणजे वस्तू टिकते, असा तिच्या नावाचाच अर्थ. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून काढणाऱ्यांना ही गोष्ट संगणकावाचून कळलेली होती. आपला कायदा मात्र अजून कागदावरच आहे. ग्रंथप्रदानाचा १९५४ चा केंद्रीय कायदा प्रकाशकाला कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रती पाठवायला लावतो, पण त्या छापील पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या. फक्त पडद्यावर निघणारे मराठी अंक आता बरेच आहेत. त्यांची एक प्रत राखून ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने कोणावरही टाकलेली नाही.

आता बाहेरच्या वाचकाकडे येतो. परदेशातल्या पुष्कळ करारांत एक साधे कलम असते: ग्रंथालयाच्या इमारतीत चालत आलेल्या कोणालाही, तो विद्यार्थी असो वा नसो, तिथल्या संगणकावर बसून वाचता यावे. छापील काळातली वहिवाटच या कलमाने करारात आणली. मी शिकलेला आहे तो वाचनालयांतून आणि जुन्या बाजारातून; माझ्याजवळ कुठल्याही विद्यापीठाचे ओळखपत्र नाही. थिबा राजा १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षे रत्नागिरीत कैदेत होता. त्याच्या बंदिवासासंबंधी ब्रह्मदेशाच्या अभ्यासकांचे काही लेख मला हवे होते. जेम्स कॅम्बेलने संपादलेल्या गॅझेटियरचा रत्नागिरीचा खंड, १८८० चा, आज कोणालाही फुकट वाचता येतो. लेख कुलपात होते. एका मोठ्या ग्रंथालयात गेलो. वर्गणी चालू होती, संगणक रिकामे होते. दारावर ओळखपत्र मागितले, आत गेल्यावर पासवर्ड मागितला. करारात बाहेरच्या वाचकाबद्दल काय आहे, असे विचारले तेव्हा तो करार वाचलेला माणूस त्या दिवशी इमारतीत नव्हता. त्याच ग्रंथालयातले बांधीव खंड मात्र मला हातात घेऊ दिले गेले, आदराने, चहासकट. अलीकडचे कुलपात आणि जुने उघडे, अशी उलटी स्थिती.

अशी दारे बंद असली की लोक खिडकी शोधतात. ‘साय-हब’ ही त्यातली सर्वांत मोठी खिडकी. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तिच्यावर डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती भारतात बंद करण्याचा आदेश झाला. चोरी ती चोरीच, याबद्दल माझा वाद नाही. पण या खिडकीशी विद्यापीठाचे प्राध्यापकही रांगेत होते, हे विसरता येत नाही.

दरम्यान केंद्र सरकारने मोठे पाऊल टाकले. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली: २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० वर सरकारी संस्था, अंदाजे १ कोटी ८० लाख वाचक. भागाकार केला तर वाचकामागे वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास. समन्वय इन्फ्लिबनेटकडे. सौदा म्हणून मला तो वाईट वाटत नाही. देशाने एकत्र उभे राहून घासाघीस करावी, हे १९९१ मध्येच व्हायला हवे होते.

माझ्या मनात दोन शंका आहेत. पहिली भाषेची. यादीतली नावे बहुतेक परदेशी प्रकाशकांची. कोकणच्या इतिहासावर काम करणाऱ्याला लागते ते भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, ‘मराठी संशोधन पत्रिका’, वाईचे ‘नवभारत’. यांच्या जुन्या अंकांना विषयवार सूची, लेखागणिक कायमचा पत्ता आणि प्रतींची राखण मिळवून द्यायला त्या ६,००० कोटींतला कसर खाईल एवढा तुकडा पुरला असता. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची ग्रंथालये पालथी घालून केली, तीही संगणक नसताना. मराठी विश्वकोश, राज्य मराठी विकास संस्थेने खुले केलेले दुर्मिळ ग्रंथ, एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथ संजीवनी’ हे चांगले प्रयत्न आहेत, पण एकातून दुसऱ्यात शोध घेता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या छापील ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायला परवानगी दिली आहे. ही तरतूद किती वाचनालयांच्या कार्यकारिणींना माहीत आहे, हे विचारून पाहावे.

दुसरी शंका दाराची. योजनेच्या पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था आहेत. मंजुरीच्या वेळी आलेल्या बातम्यांत पुढचे दोन टप्पेही सांगितलेले होते: दुसऱ्यात खासगी शिक्षणसंस्था आणि तिसऱ्यात सार्वजनिक ग्रंथालयांतील ठरावीक ठिकाणांवरून सर्व नागरिक. हे तिसरे वाक्य मी कातरून ठेवले आहे. ते खरे करायला फार काही लागत नाही. जिल्ह्याच्या मुख्य वाचनालयात दोन संगणक, एक कायमचा इंटरनेट पत्ता, तो पत्ता प्रकाशकांच्या यादीत घालणारा एक प्रशिक्षित माणूस आणि करारात चालत आलेल्या वाचकाचे एक कलम. पहिल्या तीन गोष्टी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या अनुदानातून आणि स्थानिक वर्गणीतून जमवता येतील. रत्नागिरीकरांनी १८२८ पासून वाचनालय चालवून दाखवले आहे. चौथी दिल्लीत ठरते. सध्याच्या मंजुरीतली तीन वर्षे ३१ डिसेंबर २०२७ ला संपतात, तेव्हा ते कलम घालण्याची बोलणी त्याच्या आधी व्हायला हवीत.